जुनी अल्टो गरम होऊन राहिली : रेडिएटर दुरुस्त करू की नवाच टाकू?

बर्डी_अल्टो

नमस्कार मंडळी. गाडी मारुती अल्टो, २००६ ची, पेट्रोल, एसीवाली, १ लाख १८ हजार किलोमीटर. सध्या गरम होऊन राहिली आहे. लक्षणं सविस्तर लिहितो, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

वर्धा रोडला गाडी पळत असते तोवर तापमानाचा काटा मध्याच्या खालीच असतो. व्हरायटी चौकात किंवा कॉटन मार्केटच्या गर्दीत एसी लावून पाचेक मिनिटं अडकलं की काटा पाऊण भागापर्यंत चढतो. एसी बंद केला की हळूहळू उतरतो. आठवड्याला साधारण पाव लिटर पाणी रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत टाकावं लागतं. मी नळाचंच पाणी टाकत आलोय, आता ते तांबूस झालंय. गाडीखाली डबकं नाही, पण रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला मिळते तिथे हिरवट-पांढरी खपली धरली आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधट चिकटा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

तीन गॅरेजमधून तीन सल्ले मिळाले. एक म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेका, नागपूरच्या उन्हात त्याचं कामच काय. दुसरा म्हणतो लीक बंद करायची पावडर टाकतो. तिसरा म्हणतो हा काढा, तांब्याचा बनवून देतो. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तोंडावर आहे आणि घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं आहे. नेमकं काय करू?

पाना_बारा

भाऊ, पळताना थंड आणि उभी असताना गरम, हे लक्षण हवेच्या बाजूचं आहे. पळत्या गाडीत वारा आपोआप जाळीतून जातो. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर. उलट असतं, म्हणजे गर्दीत ठीक आणि बुटीबोरीकडे ऐंशीच्या वेगात काटा चढतो, तर जाळीच्या नळ्या आतून बुजल्या किंवा पंपाची पाती झिजली असं धरलं असतं. तुमच्याकडे दोन आजार एकदम आहेत. हवा कमी पडते हा एक, आणि गळती हा दुसरा. नुसता रेडिएटर बदलला तर पहिला तसाच राहू शकतो. म्हणून आधी हे पाहा.

पंखा : इंजिन सुरू करून एसी लावा. पंखा फिरलाच पाहिजे, दोन असतील तर दोन्ही. मग एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा. काटा मध्याच्या आसपास आला की पंखा आपला आपण लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे. लागतच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरच्या दोन तारा थेट बॅटरीला लावून बघा. थेट लावल्यावर सुसाट फिरला तर मोटर चांगली, दोष रिले किंवा सेन्सरकडे. रडत रडत फिरला तर कार्बन ब्रश संपलेत किंवा बुश घासलंय. मोटर कधी खोलली असेल तर दिशाही बघा. इंजिनाच्या बाजूच्या पंख्याने समोरची हवा आत ओढायची असते. वहीचा कागद समोरून जाळीशी धरला तर तो चिकटला पाहिजे. उडून बाहेर आला तर तारा उलट्या लागल्यात. असा उलटा पंखा गाडी पळत असताना समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो, म्हणून त्यावर बरेच लोक उगाच पंप बदलत बसतात.

जाळी : एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जी बोटभर फट असते, तिथे सगळी घाण बसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावरीची बोंडं फुटतात, तो कापूस, धूळ आणि किडे मिळून नमद्यासारखा थर होतो. समोरून ग्रिलमध्ये पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि माणूस फसतो. इंजिनाच्या बाजूने टॉर्च मारा आणि समोरून बघा, उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे.

रेडिएटरची कॅप : इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा. कॅपवर ०.९ लिहिलेलं असेल. तेवढा जादा दाब (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे ०.९ पट) तिने धरायचा असतो. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, ०.९ चा दाब असेल तर सुमारे ११८ ला. कॅपचं रबर कडक झालं की हा दाब राहत नाही आणि पाणी आधीच उकळून बाटलीत जातं. कॅपच्या मध्ये एक छोटी पितळी चकती असते. ती बोटाने ओढली की सुटून परत बसली पाहिजे. ती अडकली तर इंजिन निवताना बाटलीतलं पाणी परत येत नाही आणि वरचा होस (रबरी नळी) चपटा झालेला दिसतो.

हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) : थंड इंजिनावर कॅप काढा, गळ्यापर्यंत पाणी भरा, इंजिन सुरू करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण रेस दिल्यावर सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. मग रेडिएटरवर पैसे घालण्याआधी हेड उघडावं लागेल. गरम व्हायला लागण्याआधी कॅप परत लावा.

जाळीकाम

वरचं सगळं बरोबर. मी फक्त गळतीचं बोलतो.

खपली जिथे आहे तिथेच उत्तर आहे. या रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमच्या जाळीची कड दात वाकवून नायलॉनच्या टाकीवर दाबलेली असते आणि मध्ये रबराची रिंग असते. पंधरा-वीस वर्षांत रबर कडक होतं, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. इंजिन गरम झालं, दाब चढला की तिथून थेंब थेंब झिरपतो आणि गरम धातूवर जागच्या जागी वाळतो. म्हणून खाली डबकं नाही. वाळल्यावर कूलंटमधली द्रव्यं आणि पाण्यातले क्षार उरतात, ती तुमची खपली. खात्री करायची तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून घ्या. थंड इंजिनावर ०.९ पर्यंत दाब भरायचा, दहा मिनिटं काटा हलता कामा नये. कॅपच्या दाबापेक्षा जास्त पंप मारू देऊ नका, नाहीतर जुनी टाकी तिथेच फुटेल.

दुरुस्तीचं म्हणाल तर ॲल्युमिनियमला नेहमीची कथलाची झाळ धरत नाही. एम-सील प्लॅस्टिकला वरवर चिकटतं, पण टाकी तापून फुगते, निवून आकसते आणि कडेने सुटतं. दात उघडून नवीन रबर टाकून परत दाबता येतात, चांगले कारागीर ते करतात, पण ते दात एकदोनदाच वाकतात, आणि टाकीचं प्लॅस्टिक जुनंच राहतं. नखाने खरवडून बघा. टाकी तपकिरी पडली असेल, बारीक तडे दिसत असतील, तर ते करू नका. अठरा-एकोणीस वर्षांच्या टाकीवर रबर बदलणं म्हणजे सहा महिन्यांनी तीच मजुरी परत द्यायची.

नवाच घ्या. दुकानात जुना रेडिएटर सोबत नेऊन शेजारी शेजारी ठेवा. जाळीची जाडी, होसच्या तोंडांची जागा आणि जाडी, खालची ड्रेनची कळ, बसवायचे खुंट, पंख्याच्या बोल्टची भोकं, सगळं जुळलं पाहिजे. बिनएसी गाडीची जाळी पातळ असते, तोंडं जुळतात म्हणून काही दुकानदार तीच देऊन टाकतात. डिसेंबरात ती चालून जाते. मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावला की उघडी पडते.

पावडर टाकू नका. ती भेगेत जाऊन घट्ट होते हे खरं, पण तिला भेग आणि हीटरची बारीक नळी यातला फरक कळत नाही. आधीच गाळ असलेल्या रेडिएटरमध्ये खालच्या नळ्या आधी बुजतात. हळदीचंही तेच. रस्त्यात अडकलात, दुसरा इलाज नाही, तर दोन चमचे हळद घालून हळू घरी या, पण दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढावं लागतं.

काटा_मध्यावर

थर्मोस्टॅट काढू नका, हे मी कळकळीने सांगतो. विदर्भात हा सल्ला इतका पसरला आहे की जुन्या गाड्यांपैकी कितीतरींत तो नसतोच.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. पाणी सुमारे ८२ अंशांवर गेलं की मेण फुगतं आणि झडप उघडायला लागते, पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. एकदा पूर्ण उघडली की ती असली काय, नसली काय, पाणी जवळजवळ तेवढंच जातं. म्हणजे चौकात काटा चढतो तेव्हा चांगला थर्मोस्टॅट काही अडवत नसतो. काढल्याने काय होतं ते बघा. सकाळी इंजिन फार वेळ थंड राहतं, गाडीचा कॉम्प्युटर इंजिन अजून तापलं नाही समजून पेट्रोल जास्त सोडतो, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओलावा मिसळतो, रिंगा झिजतात, ॲव्हरेज पडतो. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं. तिथे उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते.

शंका असेल तर तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवलेला, बुडाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. अंगावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडला आणि उकळत्या पाण्यात आठेक मिलिमीटर सरकला तर उत्तम. गार होताना पूर्ण मिटला पाहिजे. मिटला नाही तर नवा टाका, गॅस्केटसकट. बसवताना त्यावरचा छोटा लोंबता खिळा वरच्या बाजूला ठेवा, तिथून हवा निघते.

बर्डी_अल्टो

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी इंजिन थंड असताना पाहिलं. कॅपचं रबर दगडासारखं झालंय, चकती मात्र हलते. टॉर्चने खालचा तिसरा भाग काळाच दिसला, उजेड येतच नाही. पंखा एसीवर लागतो पण आवाज करत, आळसटल्यासारखा फिरतो. बॅटरीला थेट लावला तरी तसाच. कागद चिकटतो, पण हलकासा. बुडबुडे नाहीत. टाकीच्या काठाला बारीक तडा आहे.

म्हणजे रेडिएटर, कॅप, पंख्याची मोटर. आणखी काय सोबत बदलू? आणि मिस्त्रीकडून काम करून घेताना कशावर नजर ठेवू?

पाना_बारा

सोबत वरचा आणि खालचा होस, चारही क्लॅम्प, आणि बेल्ट. होस बोटांनी दाबून बघा. कुरकुर वाजला, टोकाला फुगला असेल किंवा आत भेगा असतील तर बदला. खालच्या होसमध्ये जिथे स्प्रिंग असते तिथे ती गंजून गेली नाही ना ते बघा. ती नसेल तर रेस दिल्यावर होस आतून शोषला जाऊन चपटा होतो. तुमच्या इंजिनात पाण्याचा पंप अल्टरनेटरच्याच बेल्टवर चालतो, म्हणून बेल्ट सैल असेल तर चार्जिंग आणि पाणी दोन्ही कमी. पंपाच्या पुलीला हात घालून हलवा. खेळ जाणवला किंवा पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून तांबूस ओघळ दिसला तर पंपही आत्ताच करा. रेडिएटर उतरवलेला असताना त्या बाजूला हात जायला जागा मिळते.

पंख्याच्या मोटरला नुसते ब्रश टाकायचे की नवी घ्यायची, हे बुशवर आहे. शाफ्ट आडवा हलत असेल तर नवी. पंखा रात्रंदिवस डायरेक्ट करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. सेन्सर खराब असेल तर सेन्सर बदला.

काम करताना : बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा, कारण पंख्याच्या जवळ हात असतात. इंजिन थंड, कॅप काढलेली, मग खालची कळ उघडून पाणी घमेल्यात घ्या आणि मोजा. छोट्या मारुतीत साडेतीन-चार लिटरच्या आसपास निघतं. किती निघालं ते लिहून ठेवा, भरताना तेवढंच गेलं पाहिजे. नाल्यात किंवा गल्लीत ओतू देऊ नका. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, गायी-कुत्री चाटतात.

जुना होस तोंडाला चिकटलेला असतो. तो पिळून काढायचा नाही. होस बदलायचाच आहे तर कटरने उभा चिरा. नवीन रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर पक्कड लावली की केसाएवढा तडा जातो आणि पंधरा दिवसांनी गळतो. नवीन होस चढवताना तोंडाला थोडं कूलंट लावा, ग्रीस नाही. क्लॅम्प तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही.

रेडिएटर बाहेर असतानाच कंडेन्सरची मागची बाजू धुऊन घ्या. साध्या पाइपने, इंजिनाकडून पुढे, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाईल. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने पाती झोपतात आणि हवा कायमची अडते. खालची रबरी बुशं हरवू देऊ नका. ती नसली की रेडिएटर बॉडीवर आपटत राहतो.

इंजिनातला गाळ वेगळा काढावा लागतो. ब्लॉक बिडाचा आहे, तांबूस रंग तिथूनच येतोय. नवीन रेडिएटर जोडण्याआधी होसमधून स्वच्छ पाणी सोडून निवळ येईपर्यंत धुवा, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवून. संडास साफ करायचं ॲसिड टाकू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते खाल्लं जातं.

जुनंसोनं_एमएच३१

तांब्याबद्दल थोडं वेगळं मत. जाळीकाम यांनी तो विषय सोडलाच, पण तो सल्ला सरसकट चुकीचा नाही. तांब्या-पितळेचा रेडिएटर झाळता येतो, उघडून नळ्यांतून सळई फिरवता येते, आणि जुन्या ॲम्बेसेडर, पद्मिनी किंवा डिझेल जीपला आजही तोच योग्य. तांबं उष्णताही जास्त चांगली वाहतं. पण अल्टोत जागा अरुंद, खुंट ठरलेल्या मापाचे, आणि हाताने बनवलेला रेडिएटर जड. पंख्याची चौकट त्याला नीट बसत नाही आणि कडेने हवा सुटते. जिथे मूळ मापाचा ॲल्युमिनियमचा सहज मिळतो तिथे तो सोडून तांब्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मूळ मापाचा मिळतच नाही अशा गाडीला जरूर करा.

बर्डी_अल्टो

कळलं. शेवटचं, पाणी कोणतं आणि कूलंट किती? काही जण म्हणतात आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला. काही म्हणतात गरम हवा आहे म्हणून निव्वळ कूलंटच भरा.

काटा_मध्यावर

दोन्ही चूक. कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं, आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं ब्लॉक, हेड आणि पंपाचं सील सांभाळतात. नागपूरला आपल्याला मुख्यतः हेच दुसरं काम हवं आहे. पण उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी पडतं, म्हणून निव्वळ कूलंट भरलं तर गाडी जास्त तापते. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे प्रमाण ठेवा. कॅप चांगली असेल तर ते सव्वाशे अंशांच्या पुढे उकळतं. बाटलीवर ‘वापरास तयार’ लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही, ते आधीच मिसळलेलं असतं. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ आहे का बघा. हिरवं-लाल-निळं यावरून काही ठरत नाही, रंग कंपनी आपल्या मनाने टाकते. दोन वेगळ्या प्रकारांची सरमिसळ मात्र नको.

पाणी बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड. घेताना नीट वाचा, ॲसिडही तशाच कॅनमध्ये मिळतं. बोअरचं पाणी अजिबात नको. कूलरच्या टाकीत उन्हाळाअखेर जो पांढरा थर बसतो तोच थर इंजिनात, जिथे सर्वांत जास्त तापतं तिथे, म्हणजे हेडच्या आत बसतो.

भरताना घाई करू नका. हीटर गरमवर, गाडीचं नाक थोडं उंच, बारीक धारेने भरा आणि मधून मधून वरचा होस दाबत राहा, हवा गुडगुड करत वर येते. गळ्यापर्यंत आलं की कॅप न लावता इंजिन सुरू करा. पातळी उतरली की भरा. वरचा होस गरम व्हायला लागला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. तेव्हा शेवटचं भरून कॅप लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत उभी चालू ठेवा. त्या वेळी हीटरमधून कडक गरम हवा आली पाहिजे. काटा वर आणि हीटरची हवा गार, असं असेल तर आत अजून हवा आहे.

हीच खूण रस्त्यातही लक्षात ठेवा. काटा चढलेला असताना एकदम खाली पडला आणि हीटरमधून गार वारा आला, तर गाडी थंड झालेली नसते. पाणी संपलेलं असतं आणि सेन्सर कोरड्या जागेत लटकत असतो. लगेच बंद करा.

पाना_बारा

चिखलदऱ्याचं : काम झालं की लगेच घाटात नेऊ नका. आधी दुपारी एसी लावून रिंग रोडला फिरवा, मग चौकात उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कॅप उघडून पातळी बघा, पाव लिटरपर्यंत उतरलेली असू शकते, ती उरलेली हवा. भरून टाका. त्यानंतर तीन-चार दिवस बाटलीतली पातळी रोज सकाळी बघा आणि क्लॅम्प एकदा परत कसून घ्या, नवीन रबर बसतं.

परतवाड्याच्या पुढे चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये चढवा. तिसऱ्यात घुसमटवत नेली की पंप मंद आणि इंजिनावर भार पूर्ण. काटा पाऊणला आला तर आधी एसी बंद, मग हीटर गरमवर, खिडक्या उघडा. तरीही चढत राहिला किंवा वाफ दिसली तर सावलीत थांबवून इंजिन बंद करा, किमान पाऊण तास कॅपला हात नाही. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. नंतरही जाड ओलं फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, सूं आवाज थांबू द्या, मग पूर्ण काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं. सोबत दोन लिटर मिसळलेलं कूलंट, एक जादा क्लॅम्प आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवा.